रविवार कुणाच्या बापाचा?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात एक साधे कलम आहे. विद्यार्थ्यांना आणि शिकवणाऱ्यांना, दोघांनाही आठवड्याची सुटी द्यावी आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा घेऊ नये. ज्या कुणी अधिकाऱ्याने हे लिहिले, त्याच्या घरात शिकणारे पोर असले पाहिजे. सोमवारी पेपर असला की रविवार सुटीचा राहत नाही, हे त्याला नेमके ठाऊक होते. पण लातूर आणि नांदेडचे क्लासवाले त्याच्याही वरताण निघाले. ते सोमवारी पेपर घेतच नाहीत. ते रविवारीच घेतात!

रविवारी सकाळी लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरकडे एक चक्कर मारा. गळ्यात ओळखपत्र, हातात पारदर्शक पाऊच, पाऊचमध्ये दोन काळे बॉलपेन आणि डोळ्यांवर झोप. नीटच्या सरावाचा पेपर: १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. दुपारी उत्तरतालिका, संध्याकाळी रँक. ती रँक पोराला कळण्याआधी किनवटला, देगलूरला, निलंग्याला, अहमदपूरला बापाच्या मोबाइलवर जाऊन पडलेली असते. रात्री घरून फोन येतो. ‘जेवलास का’ हा त्या फोनवरचा दुसरा प्रश्न असतो.

आणि पोरगा जेवलेला नसतोच, कारण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. मेसवाल्या मावशीने आपली सुटी राखली आहे. दुपारी काहीतरी गोडधोड वाढायचे आणि संध्याकाळी शेगडी बंद. पोरे वडापाव खातात, कुरकुर करतात, मावशी बधत नाही. चाळीस डब्यांवर संसार ओढणाऱ्या बाईला जे जमते, ते चौकाचौकांत फ्लेक्स लावणाऱ्या, पहिल्या आलेल्या पोराशेजारी स्वतःचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा छापणाऱ्या क्लाससम्राटांना जमत नाही? न जमायला काय झाले! करायचे नाही, एवढेच.

आम्ही लातूर पॅटर्नचे वैरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या आम्हाला मराठवाडाद्रोही ठरवायला मंडळी तयार बसलेली आहेतच. पुण्या-मुंबईच्या पोरांनी गुणवत्ता यादी आपल्या नावावर करून घेतलेल्या काळात राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी दुष्काळी तालुक्यांतली पोरे पुढे आणली. जनार्दन वाघमारे यांच्यासारखे प्राचार्य तिथे होते. तेच पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. शिक्षक घड्याळ न पाहता जादा तास घेत, कारण पोराच्या बापाकडे शिकवणीला पैसे नसत. तो जादा तास म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वेळेतून दिलेले दान होते. आज त्याच जादा तासाचे पॅकेज झाले आहे. फी घेऊन पोराचाच रविवार कापून घ्यायचा आणि वर ‘आम्ही जास्त मेहनत घेतो’ म्हणून मिशीला पीळ द्यायचा. वाघमाऱ्यांच्या पिढीचे नाव घेऊन चाललेली ही दुकानदारी पाहून लाज वाटत नाही?

या दुकानात राबणाऱ्या माणसांकडे तर कुणाचेच लक्ष नाही. फिजिक्स शिकवणारा तरुण मास्तर सकाळी एका शाखेत, दुपारी दुसऱ्या शाखेत उभा असतो, रात्री डाउट सोडवतो आणि रविवारी पेपरवर पहारा देतो. प्रवेशाच्या हंगामात फोनवर बसवलेल्या मुलींच्या ओळखपत्रावर ‘काउन्सेलर’ छापलेले असते. काम मात्र जागा खपवण्याचे आणि तेही महिन्याच्या टार्गेटवर. हॉस्टेलचा वॉर्डन चोवीस तास जुंपलेला. यांच्यापैकी कुणाला रात्री झोप येत नाही, कुणाच्या छातीत धडधडते, कुणी उगाच बायको-पोरांवर ओरडतो, याची नोंद कुठल्या वहीत होते? महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा त्याच्या कक्षेत येणाऱ्या आस्थापनेला आठवड्यातून सलग २४ तास सुटी द्यायला बांधतो आणि वर्षाला आठ किरकोळ रजाही देतो. हा कायदा किती क्लासमालकांनी वाचला आहे? त्यांना बायोलॉजीतली सूक्ष्मातली सूक्ष्म ओळ पाठ असते, हे एवढे एक कलम कसे निसटते?

रविवारची सुटी काही इंग्रजाने खुशीने दिलेली नाही. ती एका मराठी माणसाने मिळवली आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक आणि मुंबईतल्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले गृहस्थ. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून जी मागणीपत्रिका केली, त्यात आठवड्याच्या सुटीची मागणी होती. मालक ऐकेनात. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने मान तुकवली आणि रविवारी गिरणीचे भोंगे थांबले. ध्यानात घ्या, त्यांनी ‘प्रत्येकाला आळीपाळीने एक दिवस’ असा तोडगा मागितला नव्हता. सगळ्यांना, एकाच दिवशी, गिरणी बंद ठेवून सुटी मागितली होती. रविवार हा खंडोबाचा वार, असेही त्यांचे एक म्हणणे सांगितले जाते. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात भंडारा उधळणाऱ्या आमच्या लोकांनी तरी ते विसरू नये. खंडोबाचा वार आज ओएमआर शीटवर गोळे काळे करण्यात जातो, आणि खंडोबाचे भक्तच त्यासाठी कर्ज काढून फी भरतात!

लोखंड्यांना जाऊन सव्वाशे वर्षे उलटली. मध्यंतरी शहाणपणाने कुठवर मजल मारली, पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे बोलणे बाहेर आले. ९० तासांची भाषा तर होतीच, वर आपल्याला माणसांकडून रविवारी काम करून घेता येत नाही याची खंतही त्यांनी बोलून दाखवली. घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, असा त्यांचा सवाल. १८९० च्या गिरणीमालकांनीही एवढी निर्लज्ज भाषा केली असेल का, शंका आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला होता. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो, हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी. आणि २०१६ या एका वर्षात लांब कामाच्या तासांनी ७ लाख ४५ हजार माणसे नेली. नव्वद तासवाल्यांनी हा हिशेब आपल्या संचालक मंडळापुढे ठेवावा आणि मग बायकोकडे पाहावे.

आणि सरकार? सरकारने स्वतःला फेब्रुवारी २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा करून घेतला. आमचा त्याला विरोध नाही. कारकुनालाही घर असते. पण त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यांतला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत आणि दुकानांतला नऊवरून दहापर्यंत ताणायला मंजुरी दिली. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानांना तर नोंदणीचीही गरज नाही, फक्त कळवावे. लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या वजिराबादेत वीस माणसे कामाला असलेली दुकाने किती, ते मोजायला मंत्र्यांनी एकदा यावे. कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी, मोबाइलच्या दुकानातला पोरगा, खासगी फायनान्सच्या हप्त्यासाठी उन्हातान्हात दारोदार फिरणारा वसुलीवाला, यांना सरकारने ‘कळवावे’ या एका शब्दावर सोडून दिले. साहेबांना दोन दिवस आणि राबणाऱ्याला बारा तास, हा कुठला न्याय?

पुण्यात काय घडले ते राज्याने पाहिले. ईवाय या बड्या कंपनीतली २६ वर्षांची मुलगी जुलै २०२४ मध्ये गेली. कामाच्या ओझ्याने ती गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिले. कंपनीने ते नाकारले. सप्टेंबरात ते पत्र देशभर वाचले गेले, मग कामगार खाते जागे झाले आणि कचेरीत शिरले. तेव्हा उघड झाले की २००७ पासून चाललेल्या त्या कार्यालयाची दुकाने कायद्याखाली नोंदणीच नव्हती! सतरा वर्षे! पुण्यात, कामगार आयुक्तांच्या नाकासमोर, ही तऱ्हा. मग लातूरच्या सिग्नल कॅम्पच्या गल्लीतल्या क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर कोण चढणार?

या गदारोळात कंपन्यांनी एक नवे सोंग आणले आहे. ऑक्टोबरच्या दहा तारखेला मानसिक आरोग्य दिन आला की कॉन्फरन्स हॉलमध्ये एक प्राणायामवाला बोलवायचा, दीड तास श्वास आत-बाहेर करायला लावायचा, फोटो काढायचे आणि त्या दीड तासाचे काम संध्याकाळी उशिरा बसून पुरे करायला सांगायचे. क्लासवाल्यांनीही हे उचलले आहे. ‘तणावमुक्ती व्याख्यान’ ठेवतात, तेही रविवारी दुपारी, पेपर झाल्यावर!

ज्यांना खरोखर कळले त्यांनी कुलूप लावले. लिंक्डइनने एप्रिल २०२१ मध्ये जवळजवळ सगळ्या माणसांना एकाच आठवड्याची सुटी दिली. बंगळूरच्या मीशो कंपनीने त्याच वर्षापासून सणासुदीच्या विक्रीचा धबडगा संपला की सलग नऊ ते अकरा दिवस सगळी कंपनी बंद ठेवायचा पायंडा पाडला. नाइकीनेही ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यालय आठवडाभर बंद ठेवले. दुकानांतली माणसे मात्र कामावरच होती. तीही मालकाचीच जात, हे विसरून चालणार नाही. तरी या सुटीतली मेख ओळखा. एकट्याने घेतलेली रजा ही रजा नसते. तुम्ही गावी गेलात तरी साहेबांचा मेसेज येतो, ग्रुपवर चर्चा चालू असते, परत आलात की टेबलावर ढीग असतो आणि शेजारचा सहकारी तुमच्याकडे तुम्ही त्याच्या ताटातले खाल्ल्यासारखे पाहतो. म्हणून माणूस रजा शिल्लक ठेवून आजारी पडतो. सगळे एकदम थांबले तरच कुणी मागे पडत नाही, मेसेज पाठवायला कुणी उरत नाही आणि ढीगही साचत नाही.

हे कळायला बंगळूरला जायची गरज होती काय? पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी होते. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशी गावातला एकही बैल जुंपत नाहीत. ‘माझा बैल आज औताला लावतो म्हणजे शेजाऱ्याच्या पुढे जाईल’ असे म्हणणारा शेतकरी आम्ही अजून पाहिलेला नाही. तसा निघाला तर गाव त्याच्या तोंडात शेण घालील. क्लासमालक मात्र नेमके हेच म्हणतो आणि गाव त्याचा सत्कार करते.

शहराचे म्हणाल तर लातूरने वर्षातून एकदा हे करूनच दाखवले आहे. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात. सकाळपासून गाड्या शेताकडे लागतात, बाजारपेठ ओस पडते, एरवी मुंगीला वाट न मिळणाऱ्या रस्त्यावर कुत्री निवांत झोपतात. शेतात कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, मग आंबील, भज्जी, उंडे, खीर. ज्याला शेत नाही त्याला हक्काचे आमंत्रण. डॉक्टर, वकील, आडत्या, हमाल, कलेक्टर कचेरीतला शिपाई, सगळे एकाच दिवशी एकाच बांधावर. दुसऱ्या दिवशी लातूर बुडाल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. सोयाबीनचा भाव त्या एका दिवसाने कोसळत नाही आणि नीटचा निकालही घसरत नाही.

म्हणून ‘एक दिवस बंद ठेवला तर पोरे मागे पडतील’ हे क्लासवाल्यांचे रडगाणे आम्ही ऐकून घेणार नाही. कुणाच्या मागे? शेजारच्या क्लासच्या! त्यांना भीती पोरांची नाही, फ्लेक्सची आहे. तो रविवारी चालू आणि मी बंद, तर पालक तिकडे जातील, ही खरी कळ. ती कळ आम्ही मान्य करतो. त्यावर औषध एकच, सगळ्यांची शटर एकाच वेळी खाली. ‘पण लातूरची बंद आणि कोट्याची चालू’ असे कुणी म्हणेल, तर कोट्याने काय मिळवले आणि काय गमावले हे विचारून यावे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे, आणि त्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे आपला महाराष्ट्र. गुणवत्ता यादीचे फ्लेक्स लावता, या यादीचाही एक लावा! प्रत्येक मरणामागे क्लासच असतो असे आम्ही म्हणत नाही. माणसाचे मन इतके सोपे नसते. पण थकलेल्या मनाला टेकायला आठवड्यातला एक दिवसही न ठेवणाऱ्यांनी ‘आमचा काय संबंध’ म्हणून हात झटकू नयेत.

पालकांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. रविवारी टेस्ट घेतो तो क्लास ‘कडक’ आणि सुटी देतो तो ‘ढिला’, ही मोजपट्टी तुमची आहे. शेत गहाण टाकून फी भरल्यावर जीव टांगणीला लागतो, हे आम्हाला कळते. चार वर्षांतून तीनदा पाऊस दगा देतो त्या भागात डॉक्टर पोरगा हाच विमा वाटतो, हेही कळते. पण त्या डॉक्टर होणाऱ्या पोराचे पुढचे ताट काय आहे, ते तरी पाहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाला २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक दिवस सुटी सुचवावी लागली. ७४ तास ही सवलत म्हणून सुचवावी लागते, म्हणजे आज काय चालू असेल! सतराव्या वर्षी ज्याचा रविवार गेला, त्याला तो पंचविसाव्या वर्षीही परत मिळत नाही. येळवसीला पोराला शेतात आणायचे सोडून ‘तू तिथेच थांब, अभ्यास कर’ म्हणणाऱ्या बापाने त्या दिवशीचा घास कसा गिळला, हे त्याचे त्याने सांगावे.

टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चांगला आहे. मन खचले तर पोरांनी, मास्तरांनी, आईबापांनी तो बेलाशक लावावा. त्यात कमीपणा नाही. पण नंबराचे स्टिकर भिंतीवर डकवून त्याच भिंतीखाली रविवारचा पेपर घेणाऱ्यांची गय करता येत नाही. केंद्राच्या कोचिंग क्लाससाठीच्या त्याच सूचनांत दिवसाला पाच तासांहून जास्त क्लास नको, सणाला पोरांना घरच्यांबरोबर राहता येईल अशी सुटी द्या, हेही लिहिले आहे. दंड किती? पहिल्यांदा २५ हजार रुपये. एका पोराची वर्षाची फीसुद्धा त्याहून जास्त असते! आणि तोही दंड कुणी केला तर. क्लासवर कायदा आणण्याचा मसुदा विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना झाला होता. मंत्री बदलले, सरकारे बदलली, मसुदा जिथला तिथे. क्लासमालक निवडणुकीत कुणाच्या व्यासपीठावर असतात हे आम्ही सांगायला नको, नांदेड-लातूरच्या शाळकरी पोरांनाही ते पाठ आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक, गुणांवरून पोरांच्या तुकड्या पाडायच्या नाहीत, खासगी क्लासच्या नोंदणीचे नियम दोन महिन्यांत करा, आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमून तपासण्या करा. म्हणजे ‘आम्हाला अधिकार नाहीत’ ही जिल्हाधिकाऱ्यांची पळवाट न्यायालयानेच बुजवली. लातूरला आदेश काढता येत नाहीत असेही कुणी सांगू नये. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावणारे हेच प्रशासन होते. पाण्यासाठी जमाव पांगवता येतो, मग रविवारच्या पेपरसाठी जमवलेली हजारो पोरे पांगवायला हात का कापतात?

लातूर आणि नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एका कागदावर, एकाच तारखेला, जोडीने सह्या करून आदेश काढावा. रविवारी क्लास, पेपर, डाउट, ‘स्पेशल बॅच’ सगळे बंद. पोळा, येळवस आणि माळेगावच्या यात्रेचा मुख्य दिवसही बंद. सुटी शिकणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना, फोनवर बसवलेल्या मुलींना आणि झाडलोट करणाऱ्या बाईलाही. दोन जिल्ह्यांनी एकदम काढावा, म्हणजे लातूरचा मालक नांदेडकडे आणि नांदेडचा लातूरकडे बोट दाखवणार नाही. रँक घरी कळवायची असेल तर पोराच्या हाती आधी द्यावी आणि बापाला त्याने सांगावी. कामगार अधिकाऱ्यांनी प्रत्येक क्लासच्या हजेरीपटावरची साप्ताहिक सुटी तपासावी. जो ऐकणार नाही त्याची नोंदणी थांबवावी, मग त्याच्या फ्लेक्सवर कोणत्या आमदाराचा फोटो आहे हे पाहू नये.

आणि तपासणी सोमवारी कचेरी उघडल्यावर करू नये. येत्या रविवारी सकाळी आठला, पेपर वाटले जात असताना, समितीने जिना चढावा. साहेबांचा रविवार बुडेल खरा, पण त्यांना शनिवार आहेच.